दवबिंदूचं शिळं पाणी

दिगंबर सर गेल्याचा फोन मधल्या सुट्टीत आला. सरांच्या बायको, आमच्या वहिनी, रडत होत्या, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता त्या कुंडीबद्दल कुणी विचारणार नाही... दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही.

धारूरच्या आमच्या शाळेत सर भूगोल शिकवत, मी मराठी. किल्ल्याच्या खालच्या अंगाला खडकातून पाणी पाझरायचं, तिथं त्यांना दवबिंदू नावाचं झाड सापडलं होतं. बोटभर उंचीचं. पानांवरच्या केसांना चिकट थेंब, त्यात चिलटं अडकतात आणि झाड ती पचवतं. पुढे पाझर आटला. एक रोप तेवढं सरांनी कुंडीत वाचवलं आणि स्टाफरूमच्या खिडकीत ठेवलं. सकाळी त्याचे थेंब बघून ते हवेतला ओलावा सांगायचे आणि थेंब सुकतात म्हणून पंखा बंद करायला लावायचे, त्यावरून आम्ही त्यांना पुष्कळ छळलं. वर्गात मात्र गडी थेट मंगळावर. तिथल्या हवेतली सगळी वाफ खाली उतरवली तरी केसाच्या जाडीएवढा थर व्हायचा नाही, असं सांगायचे. "आन् आपण धारूरला हवा कोरडी हाय म्हणून रडतोय."

सरांची फुप्फुसं आखडत गेली तेव्हा कुंडी माझ्याकडे आली, सोबत पावसाच्या पाण्याचा कॅन. धाप इतकी, की "ह्यातलं पानी घाला, बाई," एवढंच बोलले. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी बोअरचं पाणी येतं. ते आलं की आधीचं शिळं म्हणून ओतून द्यायचं, ही घरची शिस्त. मी कॅन ओतला, ताजं पाणी भरलं, वर कुंडीत मूठभर शेणखत घातलं. लाडच केला म्हणा ना! या झाडाला खत आणि क्षाराचं पाणी म्हणजे विष, हे मला नंतर कळलं. पंधरा दिवसांत पानं काळी पडली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात भेटायला गेले. सरांच्या नाकातल्या नळीत ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत येत होता. कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ओली करून देतात, हे त्यांनीच समजावलं. मग कुंडीचं विचारलं. मी मोबाइलमधला श्रावणातला जुना फोटो उघडून दाखवला आणि आज सकाळचाच आहे म्हणाले.

ते बराच वेळ बघत राहिले. मार्गशीर्ष चालू होता, ओठ फुटावेत इतकी कोरडी हवा. अशा हवेत थेंब एवढे टपोरे धरत नाहीत, हे सरांना नाही तर कुणाला कळणार होतं?

"लई छान हाय," ते म्हणाले. मोबाइल परत दिला आणि भिंतीकडे तोंड करून कूस बदलली.

रागवायला तरी हवं होतं त्यांनी.