दहाव्या सेकंदाचं आभाळ

विश्वजितला आता रंग कोण सांगत असेल, हा घोर उमाच्या जिवाला तीन महिन्यांपासून लागला होता. पोरगं रांधून खातं, कपडे धुतं. पण लाल आणि हिरवा त्याला जन्मापासून सारखेच दिसतात. पुंडलिकनगरच्या घरात उमा आता एकटीच. एका कपाचा चहा टाकला, की हेच मनात येई.

दोष तिच्याच माहेरचा. पिशोरला तिचे वडील मिरच्या लाल झाल्या का, हे शेतातल्या आवडाबाईला विचारत. असा दोष आजोबांकडून आईमार्फत नातवाला जातो, हे उमा बी.एस्सी.ला शिकली होती. विश्वजित इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करून कारखान्यात गेला आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला, तेव्हा तो रडला नाही. रडली तीच.

मग त्यानं सिनफिग हे फुकट मिळणारं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि नेमकं रंगाचंच काम धरलं. एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारी आभाळं करायचा. पहिल्या सेकंदाला रंगांचा एक पट्टा मांडायचा, दहाव्याला दुसरा. मधलं सगळं सॉफ्टवेअर भरून काढतं. प्रत्येक रंगाला त्यात लाल, हिरवा, निळा किती, याचे आकडे असतात. तो आकडे टाकायचा आणि उमा शेजारी बसून सांगायची, हा वांग्याचा, हा भिजल्या हळदीचा, हा इथं नको. तो वहीत लिहून घ्यायचा. ते दिवस बरे होते.

मग एक स्थळ आलं. याला रंग ओळखू येत नाहीत, तरी काम रंगाचंच करतो, असं उमानं पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं. मुलीचे मामा म्हणाले, "म्हणजे मुलगी गोरी की सावळी, तेही आता तुम्हीच सांगा याला."

सगळे हसले. उमाही हसली.

पाहुणे गेल्यावर कपबशा गोळा करताना विश्वजित म्हणाला, "ते हसले त्याचं काही नाही, आई. तू हसलीस."

पुढच्या एक तारखेला तो चिकलठाण्याला खोली घेऊन गेला. आठवड्यातून एकदा फोन येई. कामाचं तो काढत नसे, आणि विचारायला तिची जीभ रेटत नसे.

रविवारी दुपारी त्याच्या स्टेटसवर दहा सेकंदांचं आभाळ दिसलं. खाली लिहिलं होतं, नोकरीसाठी नमुना, उद्या सकाळी दहाला पाठवणार. सूर्य बुडत होता, केशरी पट्टा खाली उतरत होता आणि उतरता उतरता चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा होत गेला. शेवटच्या पट्ट्यात लाल आणि हिरव्याचे आकडे उलटे पडले असणार. बाकी सगळं इतकं सुंदर होतं, की उमानं ते पाच वेळा पाहिलं.

सांगावं, तर पुन्हा त्याचं उणं दाखवणारी आईच. न सांगावं, तर उद्या परके लोक हसतील, आणि का हसले हे त्याला कळायचंही नाही.

त्याचा मित्र प्रणय याच्याकडून परभारे दुरुस्त करून घ्यावं, असं तिला वाटलं. तिनं नंबरही काढला. मग बोट थांबलं. प्रणयला याच्या डोळ्यांचं ठाऊक तरी आहे का? म्हणजे पोराचं गुपित त्याच्या माघारी आपण आणखी एकाला सांगायला निघालो.

तिनं फोनवरचं प्रणयचं नाव मागे सारलं. आधी त्या दिवशीच्या हसण्याची माफी मागायची, मग आभाळाचं सांगायचं. न ऐकता त्यानं फोन ठेवून दिला, तर पुन्हा लावायचा. उमानं विश्वजितचा नंबर काढला.