रातव्याचा डोळा

खानापूरकडच्या माळावर धोंडुबाईचं घर, आणि शेजार काय तो एका तानुबाईचा. त्रेचाळीस साली धोंडुबाईचा नाथाजी पलटणीतून रजेवर आला आणि परत गेलाच नाही. लढाईत त्याचा जोडीदार अर्जुना त्याच्या डोळ्यांदेखत मेला होता. आईने नाथाजीला अंगणातल्या रिकाम्या पेवात उतरवलं. धान्य साठवायचा तो खोल खड्डा; तोंडावरची फरशी चार बोटं सरकवून ठेवावी लागे, नाहीतर आतली हवा माणूस मारते.

पोरगा लपला, पण आईची नजर लपेना. दळताना, निवडताना ती फरशीकडेच जायची.

तानुबाईने एकदा हटकलंच. "आवं, तितं हंडा पुरलाय का काय? दिसभर राखण चाललीया."

 धोंडुबाईला बाप आठवला. मेंढरं घेऊन हिवरा-बाभळीच्या रानातून जाताना त्याने तिला रातवा दाखवला होता. पायापाशीच बसलेला, पाचोळ्यात पाचोळ्याच्या रंगाचा. बाप बोट दाखवत होता तरी तिला पाखरू दिसेना. "डोळा हुडक," बाप म्हणाला. "बाकी समदं लपतंय, डोळा तेवडा लपत न्हाई. म्हणून तर दिवसा मिटून बसतंय ते."

दुसऱ्या दिवसापासून धोंडुबाईला दिसेनासं झालं. पापण्या मिटून, भिंत चाचपत चालायची, घागरीला ठेचकाळायची. गाव हळहळलं. तानुबाई तिचं पाणी भरू लागली.

वैशाखात पोलीसपाटील आकाराम एका शिपायाला घेऊन आला. घर, गंजी, मेंढरांचा वाडा, सगळं उलथून झालं. दमलेला शिपाई नेमका त्या फरशीवर टेकला. पाय पसरताना फरशी सरकली. दगडाला दगड लागल्याचा आवाज धोंडुबाईने ऐकला. फट बुजली होती.

"पोरगं कुटं हाय, म्हातारे?" पाटलाने विचारलं.

"मला माजा हात दिसंना, पाटील. पोर कुटनं दिसंल?"

शिपायाने बिडी पेटवली. ती संपल्यावर दुसरी. धोंडुबाई बाजरी पाखडत राहिली.

पाटील हसला. "म्हातारे, सूप कवाच रिकामं झालंय."

"व्हय का?" म्हणत तिने सुपात हात फिरवला.

तिसरी बिडी विझल्यावर ते गेले. फरशी आठ पावलांवर होती. धोंडुबाई उठली, तेवढ्यात कुडाजवळ तानुबाईच्या बांगड्या वाजल्या. ती आठ पावलंही मग चाचपतच चालावी लागली. तिने फरशीला खांदा लावला. फट पडली. खालून काही आवाज नाही. आणखी सरकवली. मग खोकला आला, कोरडा, पुरुषी, थांबता थांबेना.

तानुबाई जागची हलली नाही. तिथूनच म्हणाली, "धोंडुबाई, खोकला लय झालाय तुमाला. सुंठ आणून देती."

धोंडुबाईने डोळे उघडले नाहीत. तानुबाई आपली की पाटलाची, हे तिच्या तोंडावर दिसलं असतं; पण त्यासाठी बघावं लागलं असतं.