चिंतामणाची मागची भिंत

हे लिहावं की नाही, या विचारात दोन वर्षं गेली. शेवटी जीजीलाच विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिही. पण वाचून कुणाला माझी कीव यायला नको. तुझी आली तर चालेल."

जीजी म्हणजे माझी थोरली बहीण. उज्जैनीत आमच्या मराठी घरांतूनही थोरल्या बहिणीला जीजीच म्हणतात. ती नऊ वर्षांची असताना तापात तिचे पाय गेले. उजवा पार वाळला, डाव्यात थोडी ताकद राहिली. आई-वडील गेल्यावर माधवनगरातल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो. मी सरकारी कचेरीत कारकून. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कुणी विचारलं की मी नुसतं जीजीकडं बघायचो, आणि विचारणारा ओशाळून गप्प व्हायचा. त्या एका नजरेवर मी कितीतरी वर्षं काढली. आज पन्नाशीला आलोय, म्हणून हे लिहायला हात धजावतोय.

महिन्यातून एका बुधवारी आम्ही क्षिप्रेपलीकडं चिंतामण गणपतीला जायचो. तिथं एक रीत आहे. देवळाच्या मागच्या भिंतीवर कुंकवानं उलटं स्वस्तिक काढायचं, मनातली गोष्ट मागायची, आणि ती पुरी झाली की पुन्हा येऊन सुलटं काढायचं. मी जीजीला पाठीवर घेऊन प्रदक्षिणेच्या वाटेनं मागं जायचो. तिचा हात माझ्या खांद्यावरून भिंतीपर्यंत पोचायचा. ती जे पुटपुटायची ते थेट माझ्या कानात पडायचं. "ह्याचा खोकला थांबू दे." "ह्याला बढती मिळू दे." माझं सोडून दुसरं तिनं कधी काही मागितलं नाही. मला वाटायचं, तिला दुसरं काही मागायचंच नाही. लोक बाजूला होऊन वाट द्यायचे, बायका आपल्या मुलांना माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगायच्या. खोटं कशाला सांगू, मला ते गोड लागायचं. देवळातून परतताना प्रसादापेक्षा तेच जास्त पुरायचं.

आता जे सांगायचं ते बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

जीजीला पूर्वी कुबड्या होत्या. इंदूरच्या एका दवाखान्यातून मापानं करून आणलेल्या, काखेत चामड्याची गादी, खाली रबरी टोपी. दोन वर्षं ती त्यांवर चालली. नळावर जायची, शेजारी जायची, एकदा तर मला न सांगता फ्रीगंजच्या बाजारापर्यंत जाऊन लोकर घेऊन आली. मी कचेरीतून आलो तर दाराला कुलूप. त्या पायरीवर बसून मला काळजी वाटली की राग आला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. देवळात मात्र कुबड्या चपलांबरोबर बाहेर ठेवाव्या लागायच्या, कारण चामडं आत चालत नाही. तेवढ्यापुरतं का होईना, तिला उचलायचं काम माझ्याकडं राहिलं होतं.

मग एका उन्हाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि मनगट सुजलं. मी तिला टांग्यातून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी खाली येऊन पट्टी बांधली आणि मला औषध न्यायला वर बोलावलं. म्हणाले, "काही नाही, कुबडीची टोपी घासलीय. नवी बसवून घ्या." मी जिना उतरलो. टांग्यात जीजी मनगट धरून बसली होती. मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, कुबड्या आता बंद. पुन्हा पडलीस तर कायमची अंथरुणाला खिळशील."

हे वाक्य मी जिन्यात ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते हेच. त्याच संध्याकाळी मी कुबड्या माळ्यावर टाकल्या.

पुढं देश स्वतंत्र झाला, शिंद्यांचं राज्य मध्यभारतात गेलं, आणि मग मध्यभारतही संपून नवा मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळ ठरली. कचेरीत फायलींचे गठ्ठे बांधले जात होते, आणि जो तो दुसऱ्याला एकच विचारत होता, "आपका नाम आया क्या?" माझं आलं. भोपाळला महिन्याच्या आत हजर व्हा. तिथं राहायला जागा नव्हती, माणसं धर्मशाळेत पथाऱ्या टाकून राहत होती. जीजीला नेणार कसं आणि ठेवणार कुठं? जीजी शांतपणे म्हणाली, "तू जा. मी राहीन इथं."

"नळावर कोण नेईल तुला?"

 बदली रद्द व्हावी, एवढं मागायला मी त्या बुधवारी चिंतामणाला निघालो. थंडीचे दिवस होते, रस्त्याकडेला जामाच्या, म्हणजे पेरूच्या, टोपल्या लागल्या होत्या. टांगा पुलावर आला तेव्हा जीजी एकाएकी म्हणाली, "मला एकदा एकटीनं मागायचंय."

मी हसलो. "एकटीनं म्हणजे कसं? बरं, मी डोळे मिटतो."

"आणि कान?"

टांगेवाले कासमभाई पुढून खो-खो हसले.  मला ते टोचलं होतं.

देवळात दुपारची सामसूम होती. जीजीला पाठीवर घेऊन मी मागच्या बाजूला वळलो, आणि काय झालं कळलं नाही, कमरेत अशी उसण भरली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. कसंबसं तिला बाजूच्या भिंतीलगतच्या दगडी ओट्यावर ठेवलं आणि तिथंच बसकण मारली. उठवेना. श्वास घेतला तरी कळ यायची. जीजी एका टोकाला, मी दुसऱ्या. मागची भिंत पंधरा पावलांवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकसारखे झालो होतो, हे मला नंतर सुचलं. तेव्हा नुसती भीती वाटत होती.

तेवढ्यात ठक-ठक आवाज आला. कोपऱ्यावरून एक म्हातारा येत होता. एक पाय गुडघ्यात वाकलेला, काखेत एक कुबडी. दोन्ही हात मनगटापर्यंत काळपट लाल, धुऊनही न जाणाऱ्या रंगाचे. त्यानं आधी मला पाहिलं, मग जीजीला, मग पुन्हा मला.

"बैसाखी कहाँ छोड़ आई, बाईजी?"

जीजी म्हणाली, "डॉक्टर ने मना किया है."

"डॉक्टर को चलना थोड़े ही पड़ता है," तो म्हणाला आणि आपली कुबडी तिच्यापुढं धरली. जीजीनं हात मागं घेतला. "देवळात चामडं..." ती मराठीतच बोलून गेली. त्याला कळलं. "चमड़ा नहीं है, हाथ लगाकर देखो. भैरवगढ़ का कपड़ा है. छपाई की मेज पर ठप्पे के नीचे बिछाते हैं, वही." काखेच्या जागी जुन्या छापील कापडाचे कितीतरी थर गुंडाळले होते, रंग पिऊन पिऊन मऊ पडलेले.

तो ओट्यावर माझ्याशेजारी बसला आणि जीजीला समजावत राहिला. बोझा काखेवर नाही, हाताच्या पंज्यावर घ्यायचा. काखेत दोन बोटं जागा ठेवायची. दुसरा हात भिंतीला. जीजीचा चेहरा पांढरा पडला होता. ती उठली, डगमगली, माझा हात आपोआप पुढं गेला, आणि त्या माणसानं तो धरून खाली ठेवला. धरला म्हणजे अगदी हलकेच.

"बाबूजी, आप उधर मत देखो. जिसको माँगना है, उसको माँगने दो."

मी मान वळवली. कुबडीचा आवाज दूर गेला, थांबला. पदराच्या गाठीतलं कुंकू ती काढत असेल, खांदा भिंतीला टेकला असेल. ती काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आलं नाही.

"किस डॉक्टर ने मना किया था?" त्यानं सहज विचारलं.

"किसी ने नहीं," मी म्हणालो.

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. तो आपला गुडघा चोळत बसला होता. मग म्हणाला, "कमर कब पकड़ी?"

"अभी."

"अच्छी पकड़ी."

परतताना आमची वरात बघण्यासारखी होती. पुढं कुबडीवर जीजी, तिच्यामागं, उशीर झाला म्हणून आम्हाला शोधत आलेल्या कासमभाईंच्या खांद्यावर हात टाकून तो म्हातारा, आणि शेवटी भिंत धरधरत कमरेत वाकलेला मी. "भाऊसाहब, आज आपको उठाना पड़ेगा," कासमभाई म्हणाले, आणि जीजी इतकी हसली की तिला थांबावं लागलं. टांग्याशी त्या माणसानं कुबडी परत घेतली, वरच्या कापडाचा एक लांब पदर सोडवून जीजीच्या मांडीवर ठेवला, "बाँध लेना" म्हणाला आणि बाहेरच्या बावडीकडं, पायऱ्यांच्या विहिरीकडं, वळला. नाव विचारायचं राहून गेलं. टांगा वळल्यावर मी मागं पाहिलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. झाडाआड बसला असेल. मी यावर काही म्हणत नाही.

घरी मला खाटेवर पडून राहावं लागलं. जीजी शेजारी जमिनीवर सरकत आली आणि ते कापड उलगडून बघू लागली. मी छताकडं बघत सगळं सांगून टाकलं. जिना, टोपी, तोंडातून निघालेलं ते वाक्य. तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती.

ती म्हणाली, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. टांगा डॉक्टरांच्या खिडकीखाली उभा होता. आणि ते बोलतात केवढ्यानं!"

मला उठून बसायचं होतं, कमर उठू देईना. "मग बोलली का नाहीस?"

"तू खाली आलास तेव्हा तुझं तोंड बघितलं. म्हटलं, दोन-चार दिवसांत आपणच सांगेल." कापडाची घडी घालत म्हणाली, "मग माझाही हट्ट झाला. सांगेल तेव्हाच कुबड्या मागेन, म्हटलं. आणि तुला उचलायला आवडायचं रे. तुझ्याकडं तेवढंच होतं."

तिनं मला माफ केलं की नाही, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आजही कळलेलं नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. ती म्हणाली ते एवढंच, "आता माळ्यावरून काढ. तू नको, कासमभाईंना सांग."

पुढच्या तीन आठवड्यांत घर बदललं. चामड्याच्या जागी ते छापील कापड आलं. फ्रीगंजातल्या सायकलवाल्यानं जुन्या टायरचे तुकडे कापून टोप्या बसवल्या. सुतारानं नळापर्यंत भिंतीला बांबूचा कठडा ठोकला, आणि स्वयंपाकघरात बसून सरकायला पाटाला चार चाकं लावून दिली. प्रत्येक ठिकाणी उंची किती हवी हे जीजी सांगायची. मी मध्ये बोलायला गेलो की सुतार विचारायचा, "बैठना किसको है, साहब?" पहिल्या आठवड्यात ती दोनदा पडली. दोन्ही वेळा मी दारात उभा राहिलो आणि तिचं तिला उठू दिलं. जीजीला इतकी वर्षं उचललं, पण त्या दोन वेळांइतकं जड मला काही वाटलं नव्हतं.

भोपाळला जाण्याआधी मी त्या माणसाचे आभार मानायला भैरवगढला गेलो. कापडाचा तुकडा दाखवला. छापणाऱ्यांनी तो हातात घेतला, ठप्पा आपलाच आहे म्हणाले, जुना आहे, आता कुणी वापरत नाही. लंगडा म्हातारा? "लंगड़े तो तीन हैं," एकानं सांगितलं आणि मोठ्या उत्साहानं मला तिघांकडं फिरवून आणलं. तिघांनीही चहा पाजला. तिघांतला एकही तो नव्हता. मी परत आलो तो डोकं आणखी गोंधळून. बदली रद्द व्हावी हे मागायचंच राहिलं, ती रद्दही झाली नाही. मग कृपा झाली ती कशातून? म्हाताऱ्यातून, त्या कापडातून, की माझ्या कमरेतून? मी अजून याची जुळणी लावू शकलेलो नाही. लावायचा प्रयत्न हल्ली सोडला आहे. सगळं आपल्याच पाठीवर आहे असं समजणाऱ्या माणसाला चिंतामणानं पंधरा पावलं अलीकडं बसवलं, एवढं मला कळतं. त्याचे उपकार मानायला तेवढं पुरतं.

मी भोपाळला एकटा राहतो, स्वतःची भाकरी स्वतः थापतो, वाईट थापतो. जीजीचं कार्ड येतं. त्यात शेजारच्या मुलींना विणकाम शिकवल्याचं असतं, बाजारभाव असतात. मदत लागते असं कधी नसतं.

मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा म्हणाली, "बुधवारी चल. मला सुलटं काढायचंय."

"काय मागितलं होतंस?"

"सांगतात होय?"

देवळापुढं टांगा थांबला. मी खाली उतरलो आणि सवयीनं तिच्यापुढं पाठ करून वाकलो. मागून काही हालचाल होईना. वळून पाहिलं तर जीजी कुबड्या सावरून उतरायच्या बेतात होती.

"वाकू नकोस," ती म्हणाली. "पिशवी धर."

मी पिशवी धरली. ती पुढं चालू लागली, मी मागून गेलो. मागच्या भिंतीपाशी वळण्याआधी ती थांबली. मी त्या दगडी ओट्यावर बसलो, पिशवी मांडीवर घेतली आणि दुसरीकडं बघू लागलो.