घरटं रिकामं झालं की कळवा

डोरीन हूकस्ट्रा म्हणजे आमची घारींची आत्या. मिशिगनमधलं आमचं तळ्याकाठचं गाव तिला त्याच नावानं चिडवतं. शाळेची बस चालवून निवृत्त झाली आणि मोबाइल टॉवरवर घरटी करणाऱ्या मासेमार घारींवर नजर ठेवायचं फुकटचं काम अंगावर घेऊन बसली. रोज तिपाईवर दुर्बीण, मान वर. मी शेजारीण, कॉफी पुरवणारी. मान मोडेल एक दिवस, म्हटलं की म्हणायची, मोडू दे.

मागे एकदा घरट्यात पिल्लं असतानाच कंपनीची माणसं टॉवरवर चढायला आली. हिनं फाटकात गाडी आडवी घातली. पठ्ठी हलली नाही. शेवटी कंपनीनं नियमच केला: घरट्यात पक्षी असेल तोवर कुणी चढायचं नाही. त्या दिवशी मीच तिला चेरीचा केक करून नेला होता.

यंदा तीन पिल्लं. दोन उडाली. तिसरं पंख मारायचं, वीतभर उठायचं आणि खाली आपटायचं. पायात निळी दोरी अडकली होती, गवताच्या गठ्ठ्यांची. आम्ही सगळेच गठ्ठे सोडतो आणि दोरी शेतात टाकतो. घारी ती उचलून घरट्यात नेतात. डोरीन बांधाबांधानं फिरून दोऱ्या गोळा करायची तेव्हा आम्ही हसायचो. ही दोरी आमच्या शेतातली की आणखी कुणाच्या, कोण सांगणार?

डोरीननं फोन लावले. अग्निशमनवाल्यांची शिडी अर्ध्यावरसुद्धा पोचेना. वनखात्यातला माणूस यायला तयार होता, पण टॉवर पडला कंपनीच्या मालकीचा, तिच्या परवानगीशिवाय चढता येईना. कंपनीतली पोरगी गोड बोलायची, पण नियमावर बोट ठेवायची.

"अगं, तो नियम माझ्यामुळेच झालाय," डोरीन म्हणाली.

"म्हणूनच तर मोडता येत नाही, बाई. घरटं रिकामं झालं की कळवा."

मला इतका संताप आला! पण करणार काय? कपाळ आमचं.

सप्टेंबर लागला. पिल्लाची आई दक्षिणेला निघून गेली, भावंडंही गेली. बाप तेवढा राहिला. रोज मासा आणायचा, पिल्लापुढे ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचा. डोरीनही तशीच. तिचं जेवण सुटलं. मी म्हटलं, नको येत जाऊस, हाती काही लागायचं नाही.

"तो जातोय का सोडून? मग मी कशी जाऊ?"

एका सकाळी तिनं दुर्बिणीला डोळा लावला आणि लगेच काढला. मी पाहिलं. पिल्लाची मान घरट्याच्या कडेवरून लोंबत होती. डोरीननं दुर्बिणीला झाकण घातलं आणि कंपनीला फोन केला.

"रिकामं झालं."

"अय्या, उडालं का शेवटी?" पोरीला खरंच आनंद झाला होता.

डोरीन वर बघत राहिली. बाप ताजा मासा घेऊन घरट्यावर उतरत होता.

"थोडं थांबा," ती म्हणाली. "आज नका पाठवू कुणाला. तो अजून आहे."