अर्धा तास ब्रश नको!

लालबागमध्ये दातांचा दवाखाना चालवतेय त्याला वीसेक वर्षं झाली. उपटलेले दात कधीच विसरले, पण उघड्या तोंडाने मारलेल्या थापा सगळ्या पाठ आहेत!

त्यात कोल्ड्रिंकच्या थापा जास्त. परवा एक काका म्हणाले, "कधीतरी घेतो हो, पाहुणे आले की."

शेजारी काकू. "खरंय. दोन लिटरचा पाहुणा आहे, फ्रीजमध्येच राहतो!"

*

डिलाईल रोडच्या एक ताई म्हणाल्या, "मी बिनसाखरेचं पिते. मग दात का झिजले?"

"साखर नसली तरी अ‍ॅसिड असतंच ना. आंबट काहीही दिवसभर पीत राहिलं की दात झिजणारच."

"मग सोलकढी?"

मी मालवणची. दुपारीच दोन वाट्या संपवून आलेली! "ती... जेवणाबरोबर असते," मी पुटपुटले.

"मग मी पण जेवणाबरोबरच घेईन की!"

*

प्रकाशदादा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. लग्नात, हळदीत दोन गाणी झाली की कोणीतरी थंडा हातात देतंच. पुढचे दोन दात झिजून काचेसारखे झालेले.

"मॅडम, क्लॅरिनेट याच दातांवर टेकतो. हे गेले तर मी वाजवू कसा?"

त्यांना हसायला येत नव्हतं. मलाही.

म्हटलं, थंडा बंद. अगदीच नाही राहवलं तर स्ट्रॉने प्या, पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. अ‍ॅसिडने दात मऊ पडलेले असतात.

महिन्याने आले. दातांवर हा थर!

"दादा, ब्रश?"

"तुम्हीच म्हणालात ना, अर्धा तास थांबा. मॅडम, दोन थंड्यांच्या मधे अर्धा तास कधी झालाच नाही!"

*

मग मी दादांच्या बायकोला, वहिनींना बोलावलं. त्या दिवसापासून घरात बाटली आली नाही. दोन्ही दात मी फिलिंगने बांधून दिले. पण टिकतील का, या धास्तीने झोप माझी उडाली होती.

पुतणीच्या हळदीला दादांनी आग्रहाने बोलावलं. मी मांडवाच्या कोपऱ्यात उभी, नजर नवरीकडे नाही, दादांच्या दातांकडे! एक गाणं झालं, दुसरं झालं, पाऊण तास झाला. दादा थांबले आणि लांबूनच मला सगळे दात दाखवून हसले. शाबूत! मी हुश्श करून खुर्चीत बसले.

इतक्यात वहिनी ग्लास घेऊन आल्या. फेसाळता, काळा, बर्फ घातलेला.

"वहिनी, अहो, मी..."

"पहिल्यांदा येताय आमच्याकडे. तसंच कसं पाठवू? घ्या!"

सगळा मांडव माझ्याकडे बघतोय. नाही म्हणायची सोय नाही. आणि खोटं कशाला बोलू, घसाही सुकलेला! मी ग्लास ओठांना लावला.

तेवढ्यात तिकडून दादा माइकवर ओरडले, "अगं, मॅडमना स्ट्रॉ दे! आणि कोणीतरी घड्याळ लावा!"