पडद्यामागची फुंक

मलकापूरच्या एका जिनिंग कारखान्यात मी हजेरीबाबू आहे. दिवसभर खुर्चीत बसून माझंच पोट सुटत चाललंय, पण आरोग्याची मोहीम निघाली ती कामगारांसाठी. शेठ कुठल्याशा परिषदेला गेले आणि येताना 'कर्मचारी स्वास्थ्य' हा शब्द घेऊन आले. आठवड्याच्या आत फाटकावर चार रंगांत फलक लागला: रोज आठ ग्लास पाणी प्या. बायकांच्या संडासाला कुलूप, किल्ली म्यानेजरच्या खिशात, त्यामुळे आमच्या बाया पाणी जपूनच पीत. मग सकाळची योगासनं सुरू झाली. जन्मभर कापसाच्या गाठी वाहिलेल्या हमालांना पाठ कशी वाकवायची ते शिकवलं जाऊ लागलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्यानंतर संशोधन आलं, म्हणजे शहरातून एक सर आले. मशीनपाशी काम करणाऱ्या बायांच्या छातीवर धुळीचा काय परिणाम होतो, हा त्यांचा विषय. सोबत एक यंत्र होतं. नळीत जोरात फुंकलं की आकडा उमटायचा आणि त्यावरून फुफ्फुसं कितपत धड आहेत ते कळायचं. माणूस भला होता. ऑफिसात चहा पिताना शेठना म्हणाला, "छात्या कमजोर निघाल्या तर धूळ ओढणारे पंखे बसवावे लागतील." शेठ म्हणाले, "रिपोर्टात तसं आलं तर बसवू." सर हात धुवायला उठले, शेठ फोनवर लागले, तेव्हा म्यानेजर माझ्या कानाशी लागला, "ज्या बाईचं कमी येईन, तिचं नाव मले अलग लिहून दे." शेठच्या बोलण्याला मी मान डोलावली होती, म्यानेजरच्याही बोलण्याला डोलावली.

कापसातून सरकी निघते तेव्हा रुईचा भुगा उडतो. तो भुवयांवर बसतो, डब्यातल्या भाजीवर बसतो, आणि जो दिसत नाही तो छातीत जातो. आमच्यात उंद्री माहेर असलेली एक मावशी होती. कित्येक हंगाम तिनं मशीनच्या तोंडात कापूस लोटला होता. सुटीनंतर कामावर आली की तिची छाती आवळायची. फाटकापासून शेडपर्यंत यायला ती दोनदा थांबायची आणि कोणी पाहिलंच तर चप्पल नीट करण्याचं सोंग करायची. पंख्याची खरी गरज कोणाला असेल, तर तिला.

तिनंच मला विचारलं, "भाऊ, ज्याची फुंक कमी येईन त्याले कामावरून काढतीन का?"

मला पंख्याचं सांगता आलं असतं. म्यानेजरचंही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "सांगता येत नाही." खोटं बोललो नाही याचं मला तेव्हा समाधानसुद्धा वाटलं. भित्र्या माणसाला समाधान फार स्वस्तात मिळतं.

जेवणाच्या सुटीत बायांनी आपसात ठरवलं. आमचा एक हमाल लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. वरात गावाबाहेर असतानाच आचारी कढई चढवतात, इतक्या लांबून त्याचा आवाज येतो. दुपारी सर यंत्र मांडून बसले तेव्हा बाया म्हणाल्या, "परक्या माणसासमोर गाल फुगवाची आम्हाले लाज वाटते. पडदा लावा." सर गहिवरले. 'स्थानिक संकेतांचा आदर राखला' असं त्यांनी वहीत लिहिलेलं मी पाहिलं. कापूस झाकायची ताडपत्री बांधण्यात आली. तिच्यामागे हमाल आधीच पोत्यावर मांडी घालून बसला होता.

मी नाव पुकारायचो. बाई पडद्यामागे जायची. बांगड्यांचा हात बाहेर येऊन नळी घ्यायचा, हमाल फुंकायचा, बांगड्यांचा हात नळी परत द्यायचा. पहिला आकडा बघून सरांनी यंत्राला दोन टिचक्या मारल्या. आतून कुणीतरी कुजबुजलं, "जरा हळू फुक बे." त्यानं दम आवरला. पण मावशीची पाळी आली तेव्हा त्याला राहवलं नसावं. सगळ्यांना तिचीच काळजी होती, त्यालाही. तिच्यासाठी त्यानं छाती भरून फुंकलं. मी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

रिपोर्ट उत्तम आला. बायांच्या या बळकट फुफ्फुसांमागे कष्ट आणि ज्वारीची भाकर असावी, असा सरांनी त्यात तर्क केला होता. शेठनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला आणि पंख्याचं नाव पुन्हा निघालं नाही. मावशीला सर्वोत्तम श्वसनाबद्दल स्टीलचा डबा मिळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, हमालही होता. आमच्या चलाखीवर आम्ही खूश होतो.

पुढच्या हंगामात मावशीला धाप आणखी लागू लागली. आपल्याला बाहेर अंगणात पोती शिवायला द्या, असं विचारायला ती ऑफिसात आली. म्यानेजरनं भिंतीकडे बोट केलं. "मावशे, तुह्यासारखी छाती आख्ख्या कारखान्यात नाई. तुले काऊन बाहेर बसवू?" आणि त्यानं तिला शेडच्या मधल्या मशीनवर टाकलं. तिथे धूळ सगळ्यात जास्त असते, बाकीच्या बाया तिथे टिकत नव्हत्या. हा बदल रजिस्टरात मी लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. लिहिताना मला स्वतःची किळस आली, तरी ओळ पूर्ण केली.

म्यानेजर बाहेर गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. टेबलाची कड धरून तिनं आधी दम खाल्ला.

"भाऊ, आता मीच फुकतो. जे येईन ते येऊ द्या. सरले बोलावता काय?"

सरांचं संशोधन पूर्ण झालं होतं. मी तसं सांगितलं. "बरं," ती म्हणाली, आणि नाकातोंडावर पदर बांधत मधल्या मशीनकडे गेली.