भोंगेआबांचा बंद

भोंगेआबांना हळू बोलताच येत नसे. सारं आयुष्य परमुलखात, उधन्याला लूम्सच्या खात्यात गेलेलं. खातं म्हणजे इथला कापडाचा कारखाना. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले आणि आवाज चढला तो चढलाच. घरात मीठ मागितलं तरी गल्लीला कळायचं. भोंगा हे नाव पोरांनी ठेवलेलं. आबा चिडत नसत. "भोंगा नही वाजना तं उठशात का तुम्ही?" एवढंच म्हणत.

माझं उलट. चौथीत शाळा सुटली, आणि सासरी आल्यावर आवाज ओठांतच राहिला. पण खात्यात सगळे ओठ बघूनच बोलतात, त्यामुळे माझं बोलणं आबांना बरोबर समजे. नातं काही नसताना मला सूनबाई म्हणत. आमच्या ह्यांना ओरडून सांगत, "सूनबाई बोलस रे, तुलेच ऐकू येत नही!"

आबांची लेक सुनंदा बिनआईची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. गल्लीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. दुपारी माझ्याजवळ बसून साड्यांना टिकल्या लावायची आणि मला पुस्तकातलं वाचून दाखवायची. मला सगळं कळायचं नाही, पण ऐकावंसं वाटायचं.

त्या वर्षी युनिव्हर्सिटीने फी वाढवली. ओट्यावर रोज तोच विषय. आमचे हे म्हणाले, "आबा, सरकार तरी कुठवर स्वस्तात शिकवील?"

"स्वस्तात?" आबा गरजले. "आगपेटी लिधी तरी सरकारना वाटा जास. मंग पोर शिकनी तं त्यामा कोना उपकार?"

मुलांनी कॉलेजात सभा घेतली, वाढीव फी कोणीच भरायची नाही असं ठरलं. सुनंदाची फी घरात तयार होती. आबांनी ती भरू दिली नाही. खात्यात कापडाच्या मीटरमागे मिळणारा भाव कापला की सगळे मिळून मशिनी बंद करत, मग शेठ स्वतः बोलायला येई. आबांना तेवढा एकच रस्ता माहीत.

"बापा, शेवटची तारीख जवळ आली," सुनंदा म्हणाली.

"तुनाजवळ पैसा शे. तुनी पांडेसरामा राहस ती मैत्रीण, तिनाजवळ शे का? एक मशीन चालू राहिनी, का बंद मोडना."

तारीख गेली. मग कळलं, एकेकाच्या बापाने गुपचूप जाऊन भरली होती. त्या पांडेसऱ्याच्या मैत्रिणीचीसुद्धा भरलेली, तिच्या मामाने. राहिली सुनंदा. परीक्षेला तिला बसू देईनात.

आबा खाडा करून कॉलेजात गेले. खिडकीतला माणूस गुजरातीत "काका, धीमे बोलो ने" म्हणाला, हे सुनंदाने सांगितलं. आबांना तेही कळलं नव्हतं. "मुंडकं वर करत नव्हता तो. ओठ कशे देखू?" संध्याकाळी मला म्हणाले. त्यांना हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग ते तसंच राहिलं. गल्लीला मीठ संपल्याचं कळेनासं झालं. पुढच्या वर्षी फी आणखी वाढली. आबा भर म्हणत होते, पण सुनंदाचंच मन उडालं होतं. ती दिवसभर टिकल्या लावायची. वाचून दाखव असं मीही म्हटलं नाही. मग अमळनेरचं स्थळ आलं.

लग्नानंतर आबांनी खोली सोडली. गावी निघाले तेव्हा निरोप घ्यायला दारात आले. हे कामावर होते. मी म्हटलं, नुसत्या ओठांनीच, "आबा, तुमचं काही चुकलं नाही."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"चुकनं, सूनबाई. आमना हातमा मशीन व्हती, म्हणून शेठ येत व्हता. पोरीना हातमा काय व्हतं? तीच बंद पडनी."

आत माझी मुलगी पाढे म्हणत होती. आबांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं, पण दारातून ती दिसत होती.

"कितवीत शे?"

"चौथीत."

"शिकाड," म्हणाले, आणि पिशवी उचलली.